विद्यानगरचा लाजेचा मीटर

संभाजी गजभारे यांना दुसऱ्याची फजिती बघवत नसे. नुसतं वाईट वाटे किंवा कीव येई असं नव्हे. ती फजिती त्यांच्या अंगातच शिरे. समोरचा माणूस कुणाला भलत्याच नावानं हाक मारायला लागला की यांच्या कानाच्या पाळ्या लाल. एखाद्या सत्कारात हार पाहुण्याच्या गळ्याऐवजी चष्म्यात अडकला, की हे तिसऱ्या रांगेत डोळे गच्च मिटून बसलेले.

मूळचे नांदेडकडचे. नोकरीच्या निमित्तानं हैदराबादेत आले, अफझलगंजच्या मोठ्या ग्रंथालयात वाचनकक्षात लागले आणि विद्यानगरात आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. वाचनकक्षात दुपारी वर्तमानपत्राआड माणसं झोपायची, काही चांगली घोरायची. त्यांना उठवणं हे गजभाऱ्यांचं काम. पण उठवलं की माणूस दचकणार, आजूबाजूचे हसणार, तो ओशाळणार. म्हणून गजभारे कपाटातला सगळ्यात जाड शब्दकोश काढायचे, लांबच्या टेबलावर धाडकन आपटायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "माफ करना साब, हात से छूट गया." घोरणारा आपोआप जागा व्हायचा आणि वर गजभाऱ्यांकडेच रागानं बघायचा. त्या शब्दकोशाची शिवण सारखी उसवायची.

असा माणूस, आणि त्याच्या घरात केबल आली.

केबल तेव्हा सगळ्यांकडेच येत होती. झाडांच्या फांद्यांवरून, गच्च्यांच्या कठड्यांवरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या आणि दूरदर्शनच्या जोडीला एकदम इतके चॅनेल आले होते की लोक ताटावर बसून जेवायचं विसरत. गजभाऱ्यांच्या बायको सुमेधाताई एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या. आई पार्वतीबाई घरीच असायच्या. या दोघींना वेड लागलं विनोदी मालिकांचं, आणि त्यातही एका ठरावीक जातीच्या. कारकून साहेबाला थाप मारतो, सासू वारली, रजा द्या. साहेब सांत्वनाला घरी येतो. बेल वाजते. सासू आतून म्हणते, थांबा, मीच उघडते.

सासू दाराकडे चालायला लागली की गजभारे उठायचे. "नको उघडू बाई, नको उघडू," असं पुटपुटत न्हाणीघरात शिरायचे, कडी लावायचे आणि काही ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडायचे.

जरा वेळानं आतून हाक यायची, "सुमेधा, संपलं का?"

"नाही अजून. साहेब सासूलाच विचारतोय, मयत किती वाजता उचलली?"

"अरे बाप रे!" की नळ आणखी मोठा.

विद्यानगरात पाणी एक दिवसाआड यायचं. पार्वतीबाई बाहेरून ओरडायच्या, "संभा, नळ बंद कर! खोटं त्यो बोलला, पाणी आपलं कामून जायलंय?"

"माय, तू तरी कसं बघतेस ते?"

"आरं, ती नटं हायती."

"नट आहेत हे मला कळतं. माझ्या पोटाला कळत नाही."

एकदा जेवताना त्यांनी खरोखर समजून घ्यायच्या इच्छेनं विचारलं, की तुम्हाला यात एवढं आवडतं तरी काय? सुमेधाताई विचार करून म्हणाल्या, "अहो, दिवसभर मी चूक होऊ नये म्हणून जीव मुठीत धरून वावरते. गोळी हीच ना, मात्रा एवढीच ना, पेशंट हाच ना. संध्याकाळी कुणीतरी माझ्या वाटणीचं चुकतं, सपशेल आपटतं, आणि तरी पुढच्या आठवड्यात नवा शर्ट घालून हजर असतो. फार बरं वाटतं."

पार्वतीबाईंनी इतका विचार केला नाही. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचं धोतर सुटलं की आपलं लुगडं घट्ट वाटतंय."

गजभाऱ्यांनी मान डोलावली, पण त्या संध्याकाळीही ते न्हाणीघरातच होते.

एके दिवशी चित्रात मुंग्या यायला लागल्या म्हणून केबलवाले अप्पाराव स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. अप्पाराव तेलुगू गृहस्थ, अंगानं भक्कम, शर्टाची वरची दोन बटणं कायमची उघडी. त्यांनी वायर नीट केली, चित्र स्वच्छ झालं आणि नेमका तेव्हाच मालिकेतला एक लठ्ठ गृहस्थ, बायको समजून, शेजारणीच्या खांद्यावर मागून हात ठेवायला निघाला. गजभारे अप्पारावांच्या पायावर पाय देऊन पळाले. कडी. नळ.

"साब की तबियत खराब है क्या?" अप्पारावांनी घाबरून विचारलं.

"फिकर नक्को करो," पार्वतीबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांना इथली दक्खनी आली होती, आपल्या मराठीत कालवलेली. "उसको शरम आती. शरम का काम टीव्हीवाला करता, शरम इसको आती."

अप्पाराव मटकन खुर्चीत बसले. त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं होतं.

त्याचं असं झालं होतं, की पलीकडच्या गल्लीत दुसरा केबलवाला उभा राहिला होता आणि त्याच्याकडेही तेच सगळे चॅनेल दिसत. गिऱ्हाईक टिकवायचं तर आपलं स्वतःचं काहीतरी हवं, म्हणून अप्पाराव आपल्या चॅनेलसाठी एक विनोदी मालिका बनवत होते. नाव ‘हौले साब’. हौला म्हणजे हैदराबादी बोलीत बावळट. हौले साबचं काम हिमायतनगरचे हिम्मतराव करत. हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले, आणि मराठी नाटकांत आयुष्यभर सरदार आणि सेनापतीच केलेले. आवाज असा, की ‘चाय लाओ’ म्हटलं तरी स्वारीवर निघाल्यासारखं वाटे. अप्पारावांची अडचण एकच होती. बनवलेलं विनोदी झालंय की नाही हे त्यांना कळत नव्हतं. त्यांची माणसं मालकाच्या तोंडाकडे बघून कशालाही हसत.

"साब," गजभारे बाहेर आल्यावर अप्पाराव अदबीनं म्हणाले, "एक कॅसेट लाके दिखाऊं क्या?"

दुसऱ्या दिवशी ते व्हीसीआरसकट आले. पहिल्या भागात हिम्मतराव केळीच्या सालीवरून घसरले, पाण्याच्या पिंपात पडले, बाहेर आले तर डोक्यावर बादली. गजभारे वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते. सगळा भाग त्यांनी शांतपणे पाहिला. मध्ये एकदा फक्त "लागलं असेल हो," म्हणाले.

अप्पारावांचा चेहरा उतरला. "एक बार भी नै उठे साब!"

गजभाऱ्यांना त्यांचीही लाज वाटली. पण हे गृहस्थ मनापासून विचारतायत म्हटल्यावर त्यांनी मनापासून उत्तर शोधलं. "वो गिरा तो गिरा. गिरने से आदमी की इज्जत नै जाती, अप्पाराव. जो आदमी इज्जत के वास्ते बहुत मेहनत करता, उसकी जाती. और जाने वाली है ये हमको मालूम रहता, उसको नै रहता. तब मेरे पेट में कुछ होता."

अप्पारावांनी ते वाक्य तेलुगूत स्वतःशी म्हणून पाहिलं, व्हीसीआर काखेत मारला आणि गेले.

मोबाइल फोन तेव्हा नुकते आले होते. बड्या लोकांच्याच हातात दिसत आणि ज्याच्या हातात असेल त्याला रस्ताही मोकळा मिळे. नव्या भागात हौले साब खेळण्यातला मोबाइल घेऊन लग्नाला जातो. नवऱ्या मुलाच्या श्रीमंत काकांशेजारी खुर्ची ओढतो, फोन कानाला लावतो आणि स्वारीवरच्या आवाजात म्हणतो, "हां मिनिस्टर साब, बोलो! नै नै, आज नै आ सकता, शादी में हूं." काका आदरानं सरकून जागा देतात. मग लाडू देतात. मग हळूच म्हणतात, मिनिस्टर साहेबांशी दोन शब्द आम्हीही बोलू का?

काकांचा हात फोनकडे निघाला आणि गजभारे उठले. फोनमधून मांजराचा आवाज येण्याआधी नळ सुरू झाला होता.

"गए! साब गए!" अप्पारावांनी पार्वतीबाईंचे पाय धरले.

तो भाग विद्यानगरात तुफान चालला. त्यानंतर दर भाग आधी गजभाऱ्यांच्या घरी यायचा. अप्पाराव टीव्हीकडे पाठ करून बसत आणि फक्त गजभाऱ्यांकडे बघत. पायाची बोटं आखडली तर प्रसंग ठेवायचा. तोंडावर टॉवेल घेतला तर फारच उत्तम. न्हाणीघरात गेले तर तो प्रसंग भागाच्या शेवटी. नळ पार्वतीबाईंनी बंद करायला लावला होता. त्याऐवजी गजभारे आत मोठमोठ्यानं पाढे म्हणत. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत गेले तर अप्पाराव समाधानानं हात चोळत. कॅसेट दाखवून अप्पाराव परतले की हिम्मतराव विचारत, "मीटर काय म्हणाला?" असं ते नाव पडलं. मग गल्लीतले लोकही ‘हौले साब’च्या वेळेला गजभाऱ्यांकडे जमायला लागले. मालिका त्यांच्याही घरी दिसायची, पण मीटर तिथं नव्हता.

गजभाऱ्यांना हे आवडत होतं का? मी एकदा जिन्यात विचारलं. म्हणाले, "त्रास होतो हो. पण आपल्या पोटदुखीनं कुणाचं पोट भरत असेल, तर नाही कसं म्हणायचं?"

गडबड झाली ती चित्रीकरण त्यांच्या घरात आलं तेव्हा. अप्पारावांच्या बहिणीनं तिच्या घरातल्या सतरंजीवर वायरी पसरू द्यायला नकार दिला होता, म्हणून एका रविवारी सकाळी सगळी मंडळी गजभाऱ्यांकडे थडकली. प्रसंग असा, की हौले साबनं मुलाचं लग्न जमावं म्हणून होणाऱ्या व्याह्याला सांगितलंय, मी दहा वर्षं अमेरिकेत होतो. व्याही खरोखरच तिथं राहून आलेला निघतो आणि एकेक प्रश्न विचारायला लागतो. व्याह्याचं काम अप्पारावांचा मेव्हणा करत होता. त्याला भारदस्त दिसण्यासाठी डिंकानं मोठी मिशी चिकटवली होती.

गजभाऱ्यांना स्वयंपाकघरात बसवलं, कानात कापूस घातला आणि दार लोटून घेतलं. दिवे लागले. खोली भट्टीसारखी तापली.

"अमेरिका में किधर रहते थे आप?" व्याह्यानं विचारलं.

"अमेरिका में?" हिम्मतराव घाम पुसत म्हणाले. कोटाच्या बाहीवर लाँड्रीची चिठ्ठी तशीच होती. "स्टेशन के पीछे."

"कौन से स्टेशन के?"

ठरल्याप्रमाणे आता हिम्मतरावांनी बराच वेळ नुसतंच थुंकी गिळायची होती. तो बराच वेळ कापसातूनही गजभाऱ्यांना ऐकू आला. आणि दार उघडलं. बनियन, लुंगी, हातात ट्रे, ट्रेमध्ये पाण्याचे पेले, असे गजभारे बाहेर आले.

"उनको याद नै रहता साब," ते व्याह्याला कळवळून म्हणाले. "उनके सर पे मार लगा था. अमेरिका में."

अप्पारावांनी हात वर केला होता, तो तसाच राहिला. कॅमेरावाल्यानं त्यांच्याकडे बघितलं. अप्पारावांनी मान हलवली, चालू ठेव.

मेव्हण्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, हे प्रसंगातच असेल. त्यानं भुवया उंचावल्या. "अच्छा? दवाखाने में थे क्या?"

"हौ ना."

"कौन सा दवाखाना?"

गजभाऱ्यांना दवाखाना एकच आठवला, त्यांच्या ग्रंथालयाजवळचा सरकारी. "उस्मानिया."

"अमेरिका में भी उस्मानिया है?"

"है साब," गजभारे म्हणाले. "लेकिन छोटा है."

हिम्मतराव रंगभूमीवर म्हातारे झालेले. त्यांनी ताबडतोब कपाळ धरलं आणि विव्हळले. भलतीच बाजू धरली असं वाटून गजभाऱ्यांनी घाईघाईनं त्यांचा हात डावीकडून उजवीकडे नेला आणि व्याह्याला म्हणाले, "कभी इधर दुखता, कभी उधर. वहां का मार ऐसाच रहता." एक लपवायला जावं तो दुसरं उघडं पडत होतं, आणि गजभाऱ्यांच्या कानांचा रंग आता बिटासारखा झाला होता, पण माघार घेतील तर शपथ.

तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं व्याह्याच्या मिशीकडे. उष्णतेनं डिंक पातळ झाला होता आणि मिशीचं डावं टोक ओठावर उतरलं होतं. मेव्हण्याला पत्ता नव्हता. गजभाऱ्यांनी क्षणभर छताकडे बघितलं, मग खिडकीकडे. पण मिशी उतरतच होती. शेवटी त्यांनी ट्रे हिम्मतरावांच्या मांडीवर ठेवला, एक पाऊल पुढं टाकलं, आणि व्याह्याच्या ओठावर आपलं बोट टेकवून मिशी जागेवर दाबून धरली.

"बोलो साब," ते हळुवारपणे म्हणाले, "आप बोलते रहो."

मेव्हणा बोलत राहिला. पुढचा सगळा प्रसंग, हुंडा नको, तारीख ठरवू, चहा घ्या, हे सगळं त्या बोटाखालून झालं. अप्पाराव कॅमेऱ्यामागं जमिनीवर बसले होते आणि रडत होते.

तो भाग लागला त्या शुक्रवारी गजभाऱ्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्याची फजिती ज्याला सोसत नाही तो स्वतःची कशी सोसणार, हे बघायला माणसं दारात, जिन्यात, खिडकीत उभी होती. न्हाणीघराकडची वाट लोकांनी मुद्दाम मोकळी ठेवली होती.

गजभारे हातात चिवड्याची वाटी घेऊन बसले. दार उघडून ते स्वतःच पडद्यावर आले. त्यांनी चिवडा खाल्ला. ‘छोटा है’वर जिना हादरला, त्यांनी दाण्याचा खवट तुकडा तेवढा बाजूला काढला. मिशीवर बोट टेकलं तेव्हा पार्वतीबाईंना हसताना ठसका लागला आणि गजभाऱ्यांनी एका हातानं त्यांची पाठ चोळली, नजर टीव्हीवरच.

पळाल्या त्या सुमेधाताई. नवरा बनियनवर ट्रे घेऊन आला तेव्हाच त्यांनी पदर तोंडावर घेतला होता. उस्मानियाच्या वेळी त्या उठल्या, लोकांमधून वाट काढत गच्चीवर गेल्या आणि वाळत घातलेल्या चादरीआड उभ्या राहिल्या.

भाग संपल्यावर गजभारे त्यांना शोधत वर गेले. आम्हीही पाठोपाठ होतोच.

"अगं, इतकं काय झालं?"

"तुम्हाला काहीच वाटलं नाही?" सुमेधाताई चादरीआडूनच म्हणाल्या.

"वाटलं होतं की. त्या रविवारीच काय वाटायचं ते वाटून झालं. एकदा घेतलेलं औषध पुन्हा थोडंच घेतात?"

"पण सगळी गल्ली हसत होती तुम्हाला!"

गजभाऱ्यांनी थोडा विचार केला. "हो. पण वाईट मनानं कुणी नव्हतं हसत. मी नीट बघत होतो."

सुमेधाताई बाहेर आल्या. पुढं कित्येक दिवस दवाखान्यात पेशंट त्यांना विचारत, सिस्टर, आपका दवाखाना बडा वाला है या छोटा? आधी त्या रागवत. मग त्याच लोकांना सांगायला लागल्या.

अप्पारावांनी गजभाऱ्यांना कायमचं काम दिलं, हौले साबचा शेजारी. पण सांगून सवरून त्यांना काहीच जमेना. "अब आप शरमाओ," म्हटलं की ते मख्ख उभे. म्हणून त्यांना प्रसंग न सांगताच आत सोडायची पद्धत पडली, आणि समोर कुणीतरी खरोखर अडचणीत आहे असं त्यांना वाटलं पाहिजे अशी तजवीज करावी लागे. हिम्मतराव त्यांना खाजगीत सांगत, आज मला एक शब्द पाठ नाही हो गजभारे. दर वेळी गजभारे विश्वास ठेवत. पुढं शहरात मोठ्या केबल कंपन्या आल्या, अप्पारावांनी आपल्या वायरी त्यांना विकून टाकल्या आणि ‘हौले साब’ बंद झालं. हिम्मतराव मुलीकडे राहायला गेले.

गजभाऱ्यांची कीर्ती मात्र उरली. गल्लीत कुठं बारसं असो, वाटाघाटी असोत, साहेबाला जेवायला बोलावलेलं असो, लोक त्यांना आग्रहानं नेऊन बसवत. काही चुकलं तर हा माणूस सांभाळून घेईल. घेईलच असं नाही, पण चुकलेल्याकडे कुणाचं लक्ष राहणार नाही, एवढी खात्री.

माझ्या धाकट्या बहिणीला, वैशालीला, बघायला पुण्याचे लोक आले तेव्हा आईनं सगळ्यात आधी गजभाऱ्यांनाच निरोप पाठवला. मुलगा हर्षद इथल्याच एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. वडील मुकुंदराव कडक इस्त्रीचे, निवृत्त प्राचार्य, वाक्य संपल्यावर पूर्णविरामाएवढं थांबणारे. वैशाली चहाचा ट्रे घेऊन आली. मुकुंदराव तिच्या हातून कप घ्यायला पुढं वाकले आणि त्या वेळी एक आवाज झाला. लहान, पण स्पष्ट.

हर्षद चपलांकडे बघायला लागला. माझे वडील पंख्याकडे.

गजभारे उठले. "हा सोफा," ते म्हणाले, "रेक्झिनचा आहे ना. वाजतो." आणि दाखवायला म्हणून मुकुंदरावांच्या शेजारी बसले. सोफा वाजला नाही. ते उठले, जरा डावीकडे बसले. नाही. उजवीकडे बसले. कूस बदलून बघितली, मग उभं राहून सगळा भार टाकून बसले. "मघाशी असाच बसला होतात ना तुम्ही? असंच वाकून?" त्यांनी वाकूनही बघितलं. सोफ्यानं हूं की चूं केलं नाही. गजभाऱ्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि कान बिटासारखे झाले होते. "कालपर्यंत वाजत होता हो," ते काकुळतीनं म्हणाले आणि पुन्हा उठले.

मुकुंदरावांनी कप बशीत ठेवला आणि त्यांचा हात धरला.

"बसा हो गजभारे, दमाल," ते म्हणाले. "माझाच होता."

वैशालीच्या हातातला ट्रे गदगदा हलायला लागला. मग हर्षद हसला, मग माझे वडील, आणि मग मुकुंदराव स्वतः, तेही पूर्णविराम न घेता. लग्न त्याच बैठकीत ठरलं. लग्नाच्या पंगतीत मुकुंदरावांनी गजभाऱ्यांना आग्रहानं शेजारी बसवून घेतलं आणि स्वतः त्यांच्या पानात जिलेबी वाढली.